थेंबांचा हिशेब

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजले होते. पगारपत्रकं तयार करणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर मी काम करत होते. बदल अगदी छोटा होता. महिन्याच्या मध्यात नोकरी सोडणाऱ्या माणसाचा शेवटचा पगार काढताना पैसे पूर्ण रुपयात कसे आणायचे, याचा नियम बदलायचा होता. चार ओळींचं काम. कोड पुढे पाठवण्याआधी सगळ्या टेस्ट चालवायच्या अशी टीमची रीत होती. पण त्या सगळ्या चालायला ४८ मिनिटं लागायची आणि कंपनीची बस साडेसहाला सुटायची. माझ्या बदलाशी थेट संबंध असलेल्या वीसेक टेस्ट मी चालवल्या, त्या पास झाल्या, आणि मी लॅपटॉप मिटला.

त्याच रात्री नवी आवृत्ती ग्राहकाकडे गेली. सोमवारी कळलं की शिल्लक रजेचे पैसे काढणारा भलताच एक भाग माझ्या त्याच चार ओळींवर अवलंबून होता. बऱ्याच लोकांचा हिशेब चुकला. रकमा लहान होत्या, पण पगारातून कमी झालेला रुपया कोणालाच लहान वाटत नाही. सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे ही चूक पकडणारी टेस्ट आमच्याकडे तयार होती. मी ती चालवलीच नव्हती.

चूक माझी होती, त्यात वाद नाही. पण नंतर चहावर एकेकाला विचारलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्या टेस्ट कोणीच चालवत नव्हतं. ४८ मिनिटं थांबायला कोणाकडे वेळ नव्हता.

तुम्ही या धंद्यातले नसाल तर दोन शब्द सांगते. टेस्ट म्हणजे मुख्य सॉफ्टवेअर बरोबर चालतंय का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम. ‘अमुक पगार, तमुक रजा दिली तर उत्तर इतकं यायला हवं’ एवढंच तो बघतो. अशा हजारो टेस्टच्या संचाला टेस्ट सूट म्हणतात. आमच्या सूटमध्ये साडेतीन हजार टेस्ट होत्या. दुसरा शब्द प्रोफायलर. प्रोग्रॅमचा वेळ नेमका कुठे जातो हे मोजणारं ते साधन.

सूट वेगवान करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी सगळे करतात तेच केलं. सर्वांत मंद दहा टेस्टची यादी काढली. पीडीएफ अहवाल बनवणाऱ्या टेस्ट त्यात वर होत्या. दोन आठवडे त्यांच्याशी झगडले. ४८ मिनिटांची साडेशेहेचाळीस झाली.

आमच्या डेटाबेसच्या टीममध्ये पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी माझी यादी पाहिली आणि विचारलं, “अगं, ही दहा झाली. बाकीच्या साडेतीन हजारांची बेरीज केलीस का?”

मला तेव्हा प्रश्नच नीट कळला नाही. तो कळावा म्हणून मी मागे मागे वाचत गेले, आणि थेट १९७० साली स्टॅनफर्डच्या कचऱ्याच्या टोपल्यांपर्यंत पोचले.

टोपलीतले कागद

डोनाल्ड कनुथ हे नाव इंजिनिअरिंगला अल्गोरिदमच्या पुस्तकामुळे कानावर पडतं. १९७०च्या सुमाराला त्यांना एक साधा प्रश्न पडला होता. लोक प्रत्यक्षात कसले प्रोग्रॅम लिहितात? कंपायलर बनवणारे लोक काही गृहीतं धरून कंपायलर बनवत होते, पण खऱ्या प्रोग्रॅमकडे बसून कोणी पाहिलेलं नव्हतं. मग कनुथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या संगणक केंद्रातल्या कचऱ्याच्या आणि रद्दीच्या टोपल्या धुंडाळल्या. लोकांनी टाकून दिलेले फोरट्रान प्रोग्रॅमचे छापील कागद त्यांनी गोळा केले. शिवाय लॉकहीड या विमानं आणि क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कंपनीकडून ४४० प्रोग्रॅम मिळाले. पंच कार्डांचा जमाना होता तो. या प्रोग्रॅमची कार्डं अडीच लाखांवर भरली.

काही प्रोग्रॅममध्ये त्यांनी मोजणारे काउंटर घातले आणि कुठली ओळ किती वेळा चालते हे पाहिलं. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष आजही सांगितला जातो. साधारणपणे प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहून कमी भाग त्याचा निम्म्याहून जास्त वेळ खातो. गंमत अशी की त्यांनी मोजणारा प्रोग्रॅमच स्वतःवर चालवून पाहिला, तर त्याचाही निम्मा वेळ दोन लूपमध्ये जात होता. ते दुरुस्त केल्यावर त्याचा वेग दुप्पट झाला.

या अभ्यासातून प्रोग्रॅमर लोकांनी एक धडा घेतला. अंदाजाने काही सुधारू नका, आधी मोजा, सर्वांत गरम जागा शोधा आणि तिथेच घाव घाला. धडा चांगलाच आहे. मी दहा मंद टेस्टची यादी काढली ती याच संस्कारातून. पण कनुथ एका वेळी एक प्रोग्रॅम बघत होते, आणि माझ्यासमोर साडेतीन हजार छोटे प्रोग्रॅम होते. हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

शितावरून भात

सत्तरच्या दशकात युनिक्सवर ‘प्रॉफ’ नावाचं साधन आलं. प्रत्येक ओळ मोजण्यापेक्षा त्याने सोपा मार्ग धरला. संगणकाचं घड्याळ सेकंदाला साठ वेळा टिकटिक करायचं. दर टिकटिकीला प्रोग्रॅम कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते टिपून ठेवायचं. एखादं फंक्शन शंभरपैकी तीस वेळा सापडलं, तर वेळाचा तीस टक्के वाटा त्याचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

पण प्रॉफमध्ये एक अडचण निघाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे सूझन ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅक्युसिक यांना ती जाणवली. तोवर प्रोग्रॅम लिहायची पद्धत बदलली होती. मोठी फंक्शनं फोडून छोटी छोटी करायची, एकच छोटं फंक्शन दहा ठिकाणांहून वापरायचं, अशी चांगली सवय लोकांना लागत होती. त्यामुळे वेळ छोट्या फंक्शनांत विखुरला जायचा आणि खरा खर्च कोणाचा ते प्रॉफच्या यादीतून कळायचं नाही. सोसायटीचा पंप किती वीज खातो हे मीटर सांगतो. पण पाणी कुठल्या फ्लॅटमध्ये जास्त जातं ते त्या मीटरवरून समजत नाही.

त्यांनी बनवलेल्या ‘जीप्रॉफ’ने ही फ्लॅटवार नोंद ठेवायला सुरुवात केली. कोणी कोणाला किती वेळा बोलावलं हे तो मोजायचा आणि बोलावलेल्या फंक्शनचा खर्च बोलावणाऱ्याच्या खात्यात टाकायचा. या कामावरचा निबंध १९८२ साली आला. आज इतकी वर्षं झाली तरी जीप्रॉफ लिनक्सवर मिळतो.

या जीप्रॉफमध्ये एक छोटीशी सोय आहे. माझ्यासारखे बहुतेक लोक तिच्याकडे बघतही नाहीत. प्रोग्रॅम संपला की मोजमापाची एक फाइल तयार होते. अशा अनेक फाइली दिल्या तर जीप्रॉफ त्यांची बेरीज करून एकच फाइल बनवून देतो.

ही सोय का लागली ते सोपं आहे. सेकंदाला साठ टिकटिकी म्हणजे दोन टिकटिकींत जवळजवळ सतरा मिलिसेकंद. एखादा प्रोग्रॅम दहा मिलिसेकंदांत संपत असेल, तर पुष्कळदा तो एकाही टिकटिकीत सापडणार नाही. प्रोफायलर म्हणेल, इथे काहीच वेळ गेला नाही. पण तोच प्रोग्रॅम हजार वेळा चालवा आणि नोंदी एकत्र करा. आता सहाशेच्या आसपास नमुने हातात येतात आणि चित्र स्पष्ट होतं. एका शितावरून भात कळत नाही, तेव्हा अनेक भांड्यांतली शितं एकत्र करून बघावी लागतात.

यात एक जुना खड्डाही आहे. जीप्रॉफची फाइल दर वेळी त्याच नावाने लिहिली जाते. एकाच फोल्डरमध्ये हजार वेळा प्रोग्रॅम चालवला आणि मध्ये नाव बदललं नाही, तर शेवटी हजारावी फाइल तेवढी उरते. आधीच्या ९९९ पुसल्या जातात. बेरीज करायची असेल तर आधी प्रत्येक नोंद जपून वेगळी ठेवावी लागते. २००८ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये पर्ल भाषेसाठी ‘एनवायटीप्रॉफ’ हा प्रोफायलर तयार झाला. नावातलं ‘एनवायटी’ त्या वर्तमानपत्राचंच. त्यात प्रत्येक प्रोसेसचा क्रमांक फाइलच्या नावाला जोडण्याची सोय आहे, आणि अशा अनेक फाइली एकत्र करणारी वेगळी आज्ञाही आहे. पायथनमध्ये तर ही बेरीज खूपच जुनी आहे. १९९४ साली जेम्स रॉस्किंड यांनी लिहिलेला प्रोफायलर पुढे पायथनबरोबर मिळू लागला. त्यातल्या ‘पीस्टॅट्स’ या भागाला एकामागून एक फाइली देत गेलं की तो सगळ्यांचा मिळून हिशेब मांडतो.

म्हणजे मला जे हवं होतं ते माझ्या जन्माआधीपासून तयार होतं.

विमानात लिहिलेला प्रोग्रॅम

इकडे टेस्टचा इतिहास वेगळ्या वाटेने चालला होता. १९८७ साली लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती दिली तेव्हा तिच्यासोबत टेस्टही दिल्या होत्या. पण टेस्ट लिहिणं ही रोजची सवय व्हायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गॅमा झुरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी निघाले होते. त्या विमानप्रवासात दोघांनी मिळून जावा भाषेसाठी एक छोटी टेस्ट चौकट लिहिली. तीच ‘जेयुनिट’. आज बहुतेक भाषांमधल्या टेस्टच्या चौकटींवर तिची छाप दिसते.

बेक यांची कल्पना अशी होती की दर थोड्या बदलानंतर टेस्ट चालवायच्या. चूक झाली तर ती दोन मिनिटांपूर्वीच्या बदलात असणार, शोधायला सोपी. पण ही कल्पना वेगावर उभी आहे. २००४ साली त्यांच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’वरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा त्यांनी एक पद्धत म्हणून स्पष्टच मांडलं की सगळं सॉफ्टवेअर बांधून सगळ्या टेस्ट दहा मिनिटांत झाल्या पाहिजेत. त्याहून जास्त वेळ लागला तर लोक ते कमी वेळा चालवतात.

हे वाचलं तेव्हा मला त्या शुक्रवारची साडेसहाची बस आठवली.

टेस्ट सूट मंद कशी होते, हेही आता दिसायला लागलं. ती एका दिवसात मंद होत नाही. कोणीतरी रोज एक टेस्ट लिहितं. ती अर्ध्या सेकंदात होते. अर्ध्या सेकंदाबद्दल कोण तक्रार करणार? रिव्ह्यू करणाराही करत नाही. पाच वर्षांत साडेतीन हजार अर्धे सेकंद जमतात. थेंबे थेंबे तळे साचतं, आणि तळं साचल्यावर ते कोणाच्या थेंबाने साचलं हे विचारता येत नाही.

आमची बेरीज

मी काम पुन्हा हातात घेतलं. प्रत्येक टेस्ट प्रोफायलरखाली चालवायची, प्रत्येकीची फाइल वेगळ्या नावाने ठेवायची. मोजण्याचाही भार असतोच, त्यामुळे सगळ्याला तासावर वेळ लागला. शेवटी साडेतीन हजार फाइली जमल्या. पीस्टॅट्सने त्यांची बेरीज करणाऱ्या दहा ओळी लिहिल्या आणि वेळेच्या उतरत्या क्रमाने यादी काढली.

यादीत सर्वांत वर पगाराचं काहीच नव्हतं, पीडीएफही नव्हता. वर होतं पासवर्डचं कूट करणारं फंक्शन.

हे काय असतं ते सांगते. वेबसाइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, त्याचं कूट करून ठेवते. हे कूट करणं मुद्दाम मंद ठेवलेलं असतं. डेटा चोरीला गेला तरी चोराला पासवर्ड भराभर तपासून बघता येऊ नयेत हा त्यामागचा हेतू. आम्ही वापरतो त्या जँगोमध्ये २०१२ सालच्या १.४ आवृत्तीपासून पीबीकेडीएफ२ ही पद्धत आली. तेव्हा एक पासवर्ड दहा हजार वेळा घुसळला जायचा. संगणक वेगवान होत गेले तसा हा आकडा वाढवत नेला गेला. ४.२ या आवृत्तीत तो सहा लाख आहे.

आमच्या जवळजवळ प्रत्येक टेस्टची सुरुवात दोन खोटी माणसं तयार करून व्हायची, एक कर्मचारी आणि एक व्यवस्थापक. दोघांनाही पासवर्ड दिला जायचा. त्या पासवर्डने पुढे कोणी लॉगिनही करायचं नाही. एका पासवर्डला सुमारे ०.२ सेकंद लागायचे, म्हणजे एका टेस्टला ०.४. साडेतीन हजार टेस्टना मिळून २३ मिनिटं.

निम्मा वेळ! तोही अशा चोरापासून संरक्षण करण्यात जात होता, जो आमच्या टेस्टच्या डेटाबेसमध्ये कधी येणारच नव्हता. टेस्टपुरती कूट करण्याची साधी, वेगवान पद्धत वापरा, असं जँगोच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. बदल एका ओळीचा होता.

यादीत दुसऱ्या क्रमांकावर सुट्ट्यांची आणि कराची कोष्टकं फाइलमधून वाचणारं फंक्शन होतं. तीच कोष्टकं प्रत्येक टेस्ट नव्याने वाचत होती. ती एकदाच वाचायची व्यवस्था केल्यावर आणखी आठ-नऊ मिनिटं वाचली. सूट पंधरा मिनिटांच्या आत आली.

आता सांगा, दहा मंद टेस्टच्या यादीत हे का दिसलं नाही? कारण पासवर्डचा खर्च सगळ्यांना सारखाच होता. ज्या गोष्टीचा भार सगळ्यांवर समान असतो, ती कोणालाही इतरांपेक्षा मंद दाखवत नाही. सर्वांत मंद कोण, हा प्रश्न विचारला की असा खर्च नजरेआड जातो. तो दिसायला सगळ्यांची बेरीजच करावी लागते.

वीस हजार यंत्रांची बेरीज

नंतर समजलं की मोठमोठ्या कंपन्यांनाही हाच धडा मिळाला होता, फक्त आकडे अवाढव्य होते. १९९७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी एक प्रोफायलर दाखवला. तो यंत्रावर चालणाऱ्या सगळ्याच प्रोग्रॅमचे नमुने सतत घेत राहायचा, सेकंदाला पाच हजारांहून जास्त. तरीही यंत्र फक्त एक ते तीन टक्के मंद व्हायचं. कामात अडथळा न आणता रोज मोजत राहता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. गुगलने हेच पूर्ण डेटासेंटरला लावलं आणि २०१० साली त्याबद्दल निबंध लिहिला. हजारो यंत्रांवरून थोडे थोडे नमुने घ्यायचे आणि एका ठिकाणी एकत्र करायचे.

त्या साठ्यावर आधारलेला २०१५चा एक अभ्यास मला फार आवडतो. वीस हजारांहून जास्त यंत्रं, तीन वर्षांचा काळ. संशोधकांना दिसलं की कनुथ यांच्या अभ्यासासारखी एकच गरम जागा इथे नाही. सर्वांत जास्त वेळ खाणारे ५० प्रोग्रॅम एकत्र केले तरी सुमारे ६० टक्केच हिशेब लागत होता. पण त्यांनी प्रोग्रॅमच्या भिंती ओलांडून फंक्शनांची बेरीज केली, तेव्हा वेगळंच चित्र निघालं. मेमरी मागणं, डेटा इकडून तिकडे हलवणं, दाबून लहान करणं, निरोपाची पाकिटं बांधणं आणि सोडणं, अशी सगळ्यांनाच लागणारी किरकोळ कामं मिळून जवळजवळ ३० टक्के वेळ खात होती. याला त्यांनी ‘डेटासेंटर टॅक्स’ असं नाव दिलं. आमच्या २३ मिनिटांचा हा खूप मोठा भाऊ.

तुम्ही कधी ‘फ्लेम ग्राफ’चं चित्र पाहिलं असेल, तर त्यामागेही बेरीजच आहे. २०११ साली ब्रेंडन ग्रेग डेटाबेसच्या एका अडचणीमागे लागले होते. प्रोफायलरने दिलेल्या मजकुराची पानंच्या पानं वाचून त्यांना काही उमगेना. मग सारख्या नोंदी एकमेकींत मिसळून त्यांनी ज्वाळांसारखं दिसणारं एक चित्र काढलं. त्यात डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकत नाही. फंक्शनं अक्षरक्रमाने लावलेली असतात, म्हणजे सारखी शेजारी येऊन एक होतात. पट्टा जितका रुंद तितकी बेरीज मोठी.

बेरजेत जे सापडत नाही

बेरीज हा सगळ्यावरचा उपाय आहे असं मी म्हणणार नाही. आमची सूट पंधरा मिनिटांच्या आत आल्यावर आम्ही ती चार प्रोसेसमध्ये समांतर चालवायला लागलो. बेरीज तीच राहिली, पण थांबण्याचा वेळ पाच मिनिटांच्या आसपास आला. समांतर चालवल्यावर हिशेब बदलतो. तीन प्रोसेस आपलं काम संपवून बसलेल्या असतात आणि चौथी एका लांबलचक टेस्टवर अडकलेली असते. तेव्हा थांबण्याचा वेळ त्या एकाच टेस्टच्या हातात जातो, आणि आमच्या बाबतीत ती होती पीडीएफची. मी आधी घालवलेले दोन आठवडे इथे थोडे कामाला आले, आणि दहा मंद टेस्टची यादी पुन्हा उघडावी लागली.

म्हणजे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. सर्वांत मंद कोण, आणि सगळ्यांवर मिळून भार कशाचा. कनुथ यांच्यामुळे पहिला आपल्या अंगवळणी पडला आहे. दुसरा विचारायला फाइली जपून ठेवाव्या लागतात आणि कोणाच्याही एकट्याच्या नसलेल्या खर्चाची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. आमच्याकडे आता ती माझ्याकडे आहे. दर महिन्याला मी बेरीज करते आणि पहिली पाच नावं टीमला पाठवते.

सगळ्यात मोठा बदल मात्र आकड्यात दिसत नाही. पाच मिनिटांत चहा आणायला जाऊन परत येता येतं, म्हणून आता लोक सगळ्या टेस्ट चालवतात. शुक्रवारी संध्याकाळीही चालवतात.

परवा टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने एक बदल रिव्ह्यूला टाकला. प्रत्येक टेस्टच्या आधी कंपनीचा नमुना पत्ता तयार करायचा, असं त्यात होतं. खाली त्याने टीप लिहिली होती, “वेळ फारसा वाढत नाही, फक्त ०.०५ सेकंद.”

मी खाली विचारलं, “गुणिले किती?”

पाच मिनिटांनी त्याने तो बदल स्वतःच मागे घेतला. आता पत्ता एकदाच तयार होतो.